आपली पट्टी, आपली तार

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचं शब्दांकन)

आम्ही सोलापूरच्या नवी पेठेत दर गुरुवारी भजनाला बसणाऱ्या बायका. आज भजनाविषयी नाही, तर भजनामागे जे सतत झंकारत असतं त्याविषयी बोलणार आहोत: तंबोरा, म्हणजेच तानपुरा, आणि आपल्या मंडळांतली वीणा. त्यांना कोणत्या तारा घालायच्या, किती जाडीच्या, आणि त्या कोणत्या सुरात लावायच्या, हा आजचा विषय आहे.

हा विषय निवडायला कारण आहे. गावोगावच्या बचत गटांतून आता महिलांची भजनी मंडळं उभी राहिली आहेत. वर्षभर पैसे साठवून वाद्य घेतलं जातं. ते गावात येतं, त्याची पूजा होते आणि पंधरा दिवसांत तार तुटते. नवी घालावी तर तीही तुटते. मग कुणी म्हणतं वाद्यच खराब निघालं, कुणी म्हणतं बायकांना ते जमायचं नाही. वाद्य कोपऱ्यात जातं आणि गटाचे पैसेही त्याच्याबरोबर कोपऱ्यात जातात. बऱ्याच वेळा दोष वाद्याचा नसतो आणि बायकांचाही नसतो. पट्टी एक आणि तारा दुसऱ्याच, एवढीच गडबड असते.

आधी पट्टी म्हणजे काय ते पाहू. पेटीवर पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या असतात. आपण ज्या पट्टीला सा धरून गातो, ती आपली पट्टी. पुरुष साधारण पांढरी एक, काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये गातात. बायकांचा गळा त्यापेक्षा बराच वर असतो: पांढरी पाच, काळी चार, काळी पाच. वय वाढलं की आवाज थोडा खाली येतो, म्हणून साठीच्या पुढच्या बायकांना पांढरी चार किंवा काळी तीन बरी वाटते.

आता गावात काय होतं? सप्ताहात पेटी, पखवाज, वीणा सगळं पुरुषांच्या पट्टीत लावलेलं असतं. बायकांनी काळी एकमध्ये गायचं म्हटलं तर दोनच वाटा उरतात. पुरुषांच्या सुरातच खाली गावं, तर आवाज घशात बसतो, शब्दही ऐकू येत नाहीत. नाहीतर एक सप्तक वर गावं, तर अभंग चढला की किंचाळल्यासारखं होतं आणि दुसऱ्या दिवशी घसा बसतो. मग बायका नुसत्या टाळ्या वाजवत मागे बसतात. लोक म्हणतात, बायकांचा आवाज पोचत नाही. आवाज पोचतो, बायांनो. सूर आपला नसतो, म्हणून तो पोचत नाही. ज्या मातीत मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई आणि आपल्या मंगळवेढ्याची कान्होपात्रा होऊन गेल्या, तिथं बायकांनी आपला सूर मागून घ्यायला संकोचण्याचं कारण नाही.

म्हणून पहिलं काम वाद्याचं नाही, गळ्याचं. सगळ्या जणी पेटीभोवती बसा. काळी चारला सा धरा. तिथून खाली मंद्र पंचमापर्यंत या आणि वर तार सप्तकातल्या गंधार-मध्यमापर्यंत जा. खाली सूर हवेत विरत असेल तर पट्टी एक घर वर घ्या. वर मान ताणावी लागत असेल तर एक घर खाली घ्या. एका बाईच्या गळ्यावर ठरवू नका, पाच-सहा जणींचा मधला मेळ धरा. जी पट्टी सगळ्यांना बरी वाटेल ती वहीत लिहून ठेवा. तार घेण्याआधी ही नोंद हातात हवी, कारण पुढचं सगळं गणित तिच्यावरच उभं आहे.

आता तारेकडे वळू. तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, जाडी आणि ताण. तार लांब असेल तर सूर खाली, आखूड केली तर वर. तार जाड असेल तर सूर खाली, बारीक असेल तर वर. ताण वाढवला तर सूर वर, सैल केला तर खाली. इथवर सगळ्यांना अंदाजानं माहीत असतं. खरी गंमत मापात आहे. तार निम्म्या लांबीची केली की सूर बरोबर एक सप्तक चढतो. पण खुंटी पिळून तेवढाच सूर चढवायचा म्हटलं तर ताण दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो. म्हणजे थोडा सूर चढवला तरी ताण भराभरा वाढतो.

एक उदाहरण घेऊ. पुरुषी तंबोरा काळी एकमध्ये लावलेला आहे. तोच कुणी बायकांसाठी काळी पाचवर नेला. पेटीवर हे अंतर नऊ स्वरांचं. ताण किती वाढला? पावणेतीन पटीहूनही थोडा जास्त. चार तारांचा मिळून वीस किलोंचा ताण असेल तर तो साठ किलोंच्या जवळ गेला. गव्हाच्या पोत्याहून जास्त वजन त्या भोपळ्यावर आणि दांडीवर लटकवल्यासारखं झालं. मग तार तुटली, घोडी कलली, तबलीला तडा गेला तर नवल काय?

यावर कुणी सांगेल, मग बारीक तार घाला, ती वर चढेल. हे अर्धंच खरं आहे. बारीक तारेला कमी ताण पुरतो, त्यामुळे वाद्यावरचा भार हलका होतो. ०.३२ मिलिमीटरच्या जागी ०.२८ मिलिमीटरची तार घातली तर त्याच सुराला ताण जवळजवळ पाव हिश्शानं कमी लागतो. पण बारीक तारेची ताकदही त्याच प्रमाणात कमी असते. म्हणून एका धातूची तार कोणत्या सुराला तुटणार हे मुख्यतः तिच्या लांबीवर ठरतं, जाडीवर नाही. लांब तंबोऱ्यावर बारीक तार घातली तरी ती जवळपास त्याच सुराला तुटणार. उंच पट्टी हवी असेल तर वाद्यच आखूड हवं. बायकांचा तंबोरा पुरुषांच्या तंबोऱ्यापेक्षा लहान करतात तो हौस म्हणून नाही आणि हलका पडावा म्हणूनही नाही. आपला गळा उंच, म्हणून त्याची तार आखूड.

तेव्हा वाद्य घेताना टेप घेऊन जा. घोडीच्या माथ्यापासून वरच्या अटीपर्यंत, म्हणजे तार जिथून जिथपर्यंत झंकारते तेवढंच अंतर मोजा. ते पंचाऐंशी-नव्वद सेंटिमीटरच्या आसपास असेल तर काळी चार-काळी पाचला वाद्य योग्य. मीटरभर असेल तर ते पुरुषी पट्टीचं आहे, कितीही स्वस्त मिळालं तरी आपल्या कामाचं नाही.

आता चार तारांची ओळख करून घेऊ. पहिली तार पंचमाची, मंद्र सप्तकातल्या प ची. मधल्या दोन जोडीच्या तारा, दोन्ही सा च्या. चौथी खर्जाची, जोडीच्या सा पेक्षा एक सप्तक खालचा सा. पहिल्या तीन पोलादी आणि चौथी पितळी. पुरुषांच्या वाद्यात पंचमाची तारही कधी कधी पितळी असते.

खर्जाला पितळ का? पितळ पोलादापेक्षा जड असतं आणि मऊही. खालच्या सुरात ते भरदार बोलतं. पण त्याला पोलादाइतका ताण सोसत नाही. जोडीच्या जागी पितळी तार घालून ती सा पर्यंत चढवू पाहाल तर ती वाटेतच तुटेल. उलट खर्जाला पोलादी तार घातली तर तुटणार नाही, पण आवाज कोरडा येईल. ज्याचं काम त्यालाच करू द्यावं, तसं हे.

आता जाडी. आपली पट्टी काळी चार ते काळी पाच आणि वाद्याची झंकारती लांबी पंचाऐंशी-नव्वद सेंटिमीटर असेल, तर असं धरून चाला:

पंचम: पोलादी, ०.३० ते ०.३२ मिलिमीटर.
जोडीच्या दोन्ही: पोलादी, ०.२८ मिलिमीटर. दोन्ही एकाच गुंडीतल्या.
खर्ज: पितळी, ०.५० मिलिमीटरच्या आसपास.

या तारांनी चौघींवर साधारण सारखा भार येतो, एकेकीवर पाच ते आठ किलो. सगळ्या मिळून पंचवीस ते तीस किलोंच्या आसपास. एवढं वाद्य आरामात पेलतं. पट्टी पांढरी चारपर्यंत खाली असेल तर प्रत्येक तार थोडी जाड घ्या, म्हणजे ती सैल पडणार नाही. कारण सैल तारही कामाची नाही. ती लटपटते, खणखण करते आणि झंकार धरत नाही. तार ना फार ताठ असावी ना फार ढिली. पापडाच्या पिठासारखं आहे ते, हाताला कळतं.

तार मागताना एक घोटाळा नेहमी होतो. दुकानात तारेला नंबर असतात आणि ते नंबर दोन वेगवेगळ्या मोजण्यांचे असतात. आपल्या सोलापुरात सुताचे नंबर सगळ्यांना ठाऊक आहेत. वीस नंबरचं सूत जाड, चाळीस नंबरचं बारीक. तारेची एक मोजणी तशीच आहे: ३० नंबरपेक्षा ३२ नंबरची तार बारीक. पण सतारीच्या तारांना जी ०, १, २, ३ अशी दुसरी मोजणी लावतात ती बरोबर उलटी. तिच्यात २ नंबरपेक्षा ३ नंबर जाड. ०.३० मिलिमीटरच्या जवळपासची तार एकीकडे ३० नंबर म्हणून मिळते आणि दुसरीकडे ३ नंबर म्हणून. म्हणून "एक नंबर बारीक द्या" असं म्हणू नका. मिलिमीटरमध्ये सांगा. नवी पेठेत बाजाराला याल तेव्हा किराणाच्या यादीबरोबर ही चिठ्ठीही लिहून आणा: आमची पट्टी अमुक, वाद्याची लांबी अमुक, या या जाडीच्या तारा हव्यात. चिठ्ठी असली की दुकानदारही नीट ऐकतो.

आता लावणं. आधी खर्जापासून सगळ्या तारा अर्ध्या सुरापर्यंत हळूहळू चढवा. एकच तार एकदम पूर्ण ताणू नका, घोडी कलते. मग पेटीवर किंवा मोबाइलवर सा धरा. आधी जोडीची एक तार त्या सा ला मिळवा. दुसरी तार पेटीला नाही, पहिल्या तारेला मिळवा. दोन्ही जुळायला आल्या की आवाजात एक लाट येते, वॉव-वॉव अशी. जुळत जाल तशी लाट सावकाश होते आणि पुरती जुळली की थांबते. ही लाट ऐकायला कान आठ दिवसांत तयार होतो, त्याला गाणं शिकलेलं असावं लागत नाही. मग खर्ज, मग पंचम.

खुंटीनं ढोबळ सूर लागतो, बारीक फरक मण्यानं काढायचा. घोडीच्या खाली तारेत ओवलेला मणी खाली लंगोटाकडे सरकवला की सूर किंचित चढतो, वर घोडीकडे आणला की उतरतो. खुंटी घसरत असेल तर ती काढून तिला खडूची भुकटी लावा. तेल मात्र चुकूनही लावू नका.

शेवटी जवारी. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावर चाटत झंकारते, त्यामुळे तंबोऱ्याचा आवाज मधमाश्यांच्या गुंजारवासारखा भरून येतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती धागा सरकवतात. तो पुढेमागे करत राहा, एका जागी आवाज एकदम उघडतो. धागा तिथेच ठेवा. तारेची जाडी बदलली की धाग्याची जागाही बदलते. घोडी स्वतः घासायला जाऊ नका, ते कारागिराचंच काम.

पंचम सोडून दुसरा सूर कधी लावायचा? आपल्या बहुतेक अभंगांना पंचम चालतो. पण मालकंसात पंचम नाहीच. त्यात बांधलेलं भजन गाताना मागे पंचम वाजत राहिला तर कानाला खुपतं. तेव्हा पहिली तार मध्यमावर उतरवा. काही रागांत, जसा मारवा, निषाद लावतात. त्यासाठी पहिली तार बरीच चढवावी लागते आणि ताण दीडपटीहून जास्त होतो, म्हणून पहिली तार फार जाड नको. भजनी मंडळाला पंचम आणि मध्यम एवढे दोन लावता आले तरी वर्षभराचं गाणं निभतं.

दिंडीतल्या वीणेला चार तारा असतील तर गणित हेच. फक्त तिची लांबी वेगळी, म्हणून आधी मोजा. ती तंबोऱ्याहून आखूड असेल तर त्याच सुराला तारा थोड्या जाड लागतील.

हे गणित फक्त आपल्याकडचं नाही. जुन्या सिनेमाच्या गाण्यांत लांबट, घसरत जाणारा गिटारचा सूर तुम्ही ऐकला असेल. ते हवाई गिटार. ते मांडीवर आडवं ठेवतात आणि डाव्या हातानं पोलादी कांडी तारांवरून सरकवतात. समुद्रापलीकडच्या हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही रीत सुरू झाली. तिथले वादकही आधी मोकळ्या तारा एकमेकींशी जुळणाऱ्या सुरांत लावतात आणि मग प्रत्येक सुराला साजेशी जाडी निवडतात. आपल्याकडे ब्रिजभूषण काबरा यांनी त्या गिटारवर राग वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका गाजली. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी त्याच गिटारला जादा तारा जोडून मोहनवीणा केली. वाद्य कोणतंही असो, आधी सूर ठरतो, मग तार.

आपलं वाद्य मात्र फार लांबून येत नाही. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तंबोरे आणि सतारी घडतात. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब या कामाकडे वळले आणि त्यांच्यापासून सतारमेकरांची परंपरा सुरू झाली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आणि त्या तंबोऱ्याचा कडू भोपळा? तो आपल्याच जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेच्या काठावर पिकतो. म्हणजे वाद्याचं पोट आपल्या शेतातलं आहे. त्याच मिरजेत १९०५ साली हिराबाई बडोदेकर जन्मल्या. घरंदाज बाईनं लोकांसमोर बसून गाणं जेव्हा मानाचं समजत नव्हते, तेव्हा त्यांनी जाहीर मैफली केल्या आणि तंबोरा जुळवून आपल्या सुरात गायल्या.

वाद्य टिकवायचं तर चार गोष्टी पाळा. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्यानं तारा पुसा, घामानं पोलाद गंजतं. गंजलेली तार सूर धरत नाही, ती बदलाच. बदलताना जोडीच्या दोन्ही एकदम बदला, एक जुनी एक नवी कधी जुळत नाही. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात वाद्य पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, भोपळा आणि तबली तडकते. आणि एसटीनं नेताना तारा दोन-तीन स्वर उतरवून गवसणीत घालून न्या.

मंडळात पखवाज आणि तबला वाजवणाऱ्यालाही आपली पट्टी आधी सांगा. काळी एकचा पखवाज आयत्या वेळी काळी पाचवर चढत नाही. उंच पट्टीला लहान तोंडाचा तबला लागतो. पेटीवाल्याला मात्र पट्टी बदलायला एक पैसाही खर्च नाही. सप्ताहात बायकांच्या अभंगाची पाळी आली की तिथल्या तिथे सांगा, "भाऊ, काळी चार द्या." दादा कुरकुर करतील, पण देतील.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करा. पेटीपाशी बसा, आपली पट्टी ठरवा, वाद्याची लांबी मोजा आणि दोन्ही आकडे मंडळाच्या वहीत पहिल्या पानावर लिहा. नवीन बाई मंडळात आली की तिला आधी ते पान दाखवा. राम कृष्ण हरी.